काचबिंदू: नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची, आपल्या खान्देशातल्या लोकांसाठी

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यापाड्यात डोळ्याचा आजार म्हटला की लोकांना एकच माहिती, मोतीबिंदू. शिबिरात नाव द्यायचं, गाडी येते, ऑपरेशन होतं, काळा चष्मा लावून माणूस घरी येतो आणि पंधरा दिवसांत पेपर वाचायला लागतो. त्यामुळे डॉक्टरने "काचबिंदू आहे" सांगितलं तरी घरचे निवांत असतात की होईल ऑपरेशन, येईल नजर. इथेच घात होतो. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, मुंबईला न्या नाहीतर परदेशात न्या, जेवढी गेली तेवढी गेली, फक्त उरलेली वाचवता येते. आणि ती खरंच वाचवता येते, वेळेवर सापडला आणि औषध चालू ठेवलं तर बहुतेक लोकांची नजर आयुष्यभर कामापुरती टिकते. म्हणून एवढं लिहितेय.

मी डॉक्टर नाही. आमच्या आईला काचबिंदू आहे, मोठ्या मामालाही आहे, त्यांच्यासोबत आणि गावातल्या बऱ्याच बायामाणसांसोबत डोळ्यांच्या दवाखान्यात बसणं होतं, डॉक्टरांना विचारून विचारून जे पक्कं समजलं तेवढंच इथे आहे. कोणतं औषध घ्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी हे होतं काय ते समजून घ्या

डोळ्याच्या आत पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सारखा तयार होत असतो. हे अश्रू नाहीत, अश्रू बाहेरचे, हा आतला. तो डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या मागून बाहुलीतून पुढे येतो आणि पुढची काच व रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातो. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना लगेच कळेल, मोटर चालू आहे पण फिल्टरमध्ये गाळ बसला की प्रेशरचा काटा वर चढतो, तसंच हे. द्रव तयार होणं चालू, निचरा कमी, मग डोळ्यातलं प्रेशर वाढतं, आणि त्याचा मार बसतो मागच्या नसेवर, जी डोळ्याकडून मेंदूकडे जाते. त्या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात, ते हळूहळू मरतात, आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

प्रेशर साधारण १० ते २१ असलं तर नॉर्मल धरतात. पण हा आकडा बघून लगेच खूश किंवा घाबरगुंडी दोन्ही करू नका, कारण काही लोकांचं प्रेशर २४-२५ असतं आणि नस ठणठणीत असते, आणि काहींचं १६ असूनही नस सुकत चाललेली असते. हे दुसरं आपल्या देशातही बरंच दिसतं. म्हणून नुसतं प्रेशर मोजून "काही नाही, जा घरी" हे अर्धवट तपासणं झालं, नस बघितलीच पाहिजे.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. यात नजर आधी बाजूची जाते, मधली शेवटपर्यंत राहते. आणि बाजूची गेली म्हणजे तिथे काळं दिसतं असं नाही, मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून काढतो, शिवाय एका डोळ्याचं कमी दुसरा डोळा झाकून घेतो. त्यामुळे दुखत नाही, लाल होत नाही, चष्म्याच्या दुकानात तक्त्यावरची शेवटची ओळ फाडफाड वाचता येते, आणि तरी नस अर्धीअधिक गेलेली असू शकते. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात ना, "माले ते सगळं दिखस, दवाखानामा कसाले जाऊ?" ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच दिसत असतं. घरच्यांनी लक्ष द्यायच्या खुणा वेगळ्या आहेत: केळीच्या बागेतून चालताना बाजूचं पान सारखं तोंडावर बसतंय, दाराच्या चौकटीला तोच खांदा पुन्हा पुन्हा लागतोय, ओट्याची शेवटची पायरी चुकतेय, ताटातली बाजूची वाटी हात लावून सांडतेय, मोटारसायकलवर असताना बाजूने आलेली गाडी "एकदम कुठून आली" वाटतेय, चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय. पण या खुणा दिसायला लागल्या म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असतो. खरी वेळ याच्या आधीची.

भारतात ४० च्या वरच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० साली मांडलेला अंदाज आहे, आणि गावोगाव जाऊन केलेल्या पाहण्यांत असं दिसलंय की यातल्या बहुतेकांना आपल्याला आजार आहे हे ठाऊकच नव्हतं.

दोन प्रकार, आणि त्यातला एक अंगावर येणारा

पहिला प्रकार कोपरा उघडा असलेला, जाळी हळूहळू चोंदते, वर्षानुवर्षं गपचूप चालतो. दुसरा कोपरा अरुंद असलेला, म्हणजे निचऱ्याची वाटच चिंचोळी, हा आशियातल्या लोकांत जास्त, बायकांत जास्त आणि ज्यांना लांबचं बघायला प्लस नंबर लागतो त्यांच्यात जास्त. हाही बऱ्याचदा गपचूपच असतो, पण कधी कधी वाट एकदम बंद होते आणि प्रेशर काही तासांत ५०-६० वर जातं.

हा झटका कसा दिसतो ते नीट वाचा कारण आपल्याकडे हमखास चुकतो. संध्याकाळी किंवा रात्री, अंधारात, एका बाजूचं डोकं भयंकर दुखायला लागतं, मळमळ, उलट्या, घाम. घरचे म्हणतात पित्त झालं, उन्हात कापूस वेचला ना दिवसभर, मग लिंबूपाणी, पित्ताची गोळी, फार तर गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन, आणि झोपा. सकाळपर्यंत नस मार खात राहते. अशा वेळी फक्त एवढं करा, त्या माणसाचे दोन्ही डोळे बॅटरीच्या उजेडात बघा. एक डोळा लालभडक आहे का, त्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी आणि उजेड पडला तरी बारीक न होणारी आहे का, डोळ्याची काच धुरकट दिसतेय का, त्याला बल्बभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतायत का, त्या डोळ्याने अंधुक दिसतंय का. यातलं काहीही असलं तर ते पित्त नाही असं धरूनच चाला आणि रात्रीचे अकरा वाजले असले तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे किंवा सिव्हिलला निघा, सकाळची पहिली एस्टी बघत बसू नका. तिथे प्रेशर उतरवायला सलाईनमधून औषध, गोळ्या आणि थेंब देतात, मग लेसर करतात, आणि दुसऱ्या डोळ्यालाही बहुतेक वेळा लेसर करून घ्यायला सांगतात कारण त्याचीही वाट तशीच चिंचोळी असते.

तुम्ही आधी जायच्या यादीत आहात का

४० पूर्ण झाले म्हणजे एकदा डोळ्यांची पूर्ण तपासणी, तक्रार असो नसो. पण खालच्यातलं काही लागू असेल तर वयाची वाट बघू नका.

आई, वडील, भाऊ, बहीण कोणाला काचबिंदू असेल तर तुमची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त. शुगर असेल, मोठा मायनस किंवा प्लस नंबर असेल तरीही. डोळ्याला कधी मार लागला असेल तरी. हा शेवटचा मुद्दा शेतकऱ्याच्या घरात फार महत्त्वाचा आहे, पऱ्हाट्या उपटताना काडी लागली, बैलाचं शिंग लागलं, लहानपणी विटीदांडूची विटी बसली, तेव्हा आठ दिवसांत बरं झालं आणि विसरून गेलो, पण आतला कोपरा फाटलेला असेल तर काचबिंदू वर्षांनंतरही येऊ शकतो, फक्त त्याच एका डोळ्यात. डॉक्टरांना जुना मार आठवून सांगा.

मोतीबिंदू "पिकू देतोय" म्हणून ठेवलेला असेल तर तेही धोक्याचं. पूर्वी पिकेपर्यंत थांबायचे, आताच्या ऑपरेशनला तशी गरज नाही. कपाशीचा हंगाम होऊ द्या, मग लग्न होऊ द्या, मग दिवाळी, असं करत करत मोतीबिंदू अति पिकला की फुगतो किंवा आत पाझरतो, आणि त्यानेही प्रेशर चढतं. मग ऑपरेशन होऊनही दिसत नाही आणि माणसं म्हणतात डॉक्टरने बिघडवलं.

आणि आता लहान मुलांचं, इथे मी जरा थांबून सांगणार आहे. आपल्या उन्हाळ्यात, ४५ च्या उकाड्यात आणि धुळीत, पाच ते पंधरा वर्षांच्या पोरांचे डोळे फार खाजतात, लाल-तपकिरी होतात, तार सुटते. ही ॲलर्जी आहे. मेडिकलवाल्याला सांगितलं की तो एक थेंबाची बाटली देतो, दोन दिवसांत खाज गायब, घरचे खूश, आणि पुढे दर वेळी तीच बाटली दाखवून आणतात, वर्षानुवर्षं. बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइड आहेत. काही जणांच्या डोळ्यात त्याने काही आठवड्यांत प्रेशर चढतं, न दुखता, आणि पोरगं दहावीत जाईपर्यंत नस गेलेली असते. स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाहीये, डॉक्टरही देतात, पण मोजून, ठराविक दिवस आणि मधे प्रेशर तपासून. स्वतःच्या मनाने चालू असेल तर मुलाला या आठवड्यात प्रेशर तपासायला न्या, आणि डॉक्टरने दिलेलं असेल तर मनाने एकदम बंद करू नका, त्यांना विचारा. दम्याचा पंप, अंगाला लावायची मलमं, सांधेदुखीच्या कसल्या कसल्या पुड्या, यातही स्टेरॉइड असू शकतं, तेही सांगा.

तान्ह्या बाळाचे डोळे खूप मोठे आहेत, सारखं पाणी येतं, उजेडात डोळे मिटून घेतं, काळं बुबुळ निळसर धुरकट दिसतं, तर "किती छान टपोरे डोळे" म्हणून कौतुक करत बसू नका. जन्मजात काचबिंदू असू शकतो, त्याला बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं.

दवाखान्यात जाऊन काय सांगायचं

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. डोळ्यांचा डॉक्टर लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे नेत्र विभाग असतो, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात निदान पहिली चौकशी होते, खासगी डोळ्यांचे दवाखाने भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा ठिकाणी आहेत. मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह असतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फुकट तपासणी ठेवतात, लक्ष ठेवा.

खिडकीवर "डोळे तपासायचेत" एवढंच सांगितलं तर नंबर काढून परत पाठवतील. स्पष्ट बोला: "माझ्या भावाला काचबिंदू आहे, माझं प्रेशर आणि मागची नस बघायचीय." एवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशाच बदलते.

जाताना सोबत माणूस न्या, कारण बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की काही तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. स्वतः मोटारसायकल चालवत परत येऊ नका.

तपासण्या, एकेक करून

प्रेशर मोजणं: डोळ्यावर हवेचा फुस्स झोत मारणारं मशीन असतं, माणूस दचकतो पण दुखत नाही. त्यात जास्त आलं तर डॉक्टर सुन्न करायचा थेंब आणि पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात मोजतात, तो आकडा जास्त भरवशाचा. प्रेशर दिवसभरात वरखाली होतं, म्हणून आकड्यासोबत वेळही लिहून ठेवा. सोबत पुढच्या काचेची जाडी मोजतात, ती साधारण ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, पातळ असली तर मशीन प्रेशर कमी दाखवतं, जाड असली तर जास्त. ही तपासणी एकदाच करावी लागते बहुधा.

कोपरा बघणं: सुन्न करून डोळ्यावर आरशाची छोटी भिंग ठेवतात. हिला गोनिओस्कोपी म्हणतात. बऱ्याच ठिकाणी गर्दीत ही राहून जाते आणि माझ्या मते हीच राहू देऊ नये, कारण कोपरा उघडा की अरुंद यावरच पुढचा सगळा उपचार ठरतो. "माझा कोपरा कसा आहे" असं सरळ विचारा, डॉक्टर रागवत नाहीत.

नस बघणं: नसेच्या मधे एक खोलगट भाग असतो, त्याला कप म्हणतात, रिपोर्टवर ०.४, ०.७ असं लिहिलेलं दिसेल. आकडा वाढत जाणं म्हणजे नसेची कड झिजणं. एकट्या आकड्यापेक्षा दोन डोळ्यांतला फरक आणि मागच्या वेळेपासूनचा फरक महत्त्वाचा.

ओसीटी: नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन, हिरवा-पिवळा-लाल असा रंगीत कागद मिळतो. लाल दिसलं की लोक रडायला लागतात. मोठा मायनस नंबर असेल तर चांगल्या नसेलाही लाल दाखवू शकतं, म्हणून कागद घरी बसून स्वतः वाचू नका.

फील्ड टेस्ट: ही माणसं सगळ्यात जास्त चुकवतात म्हणून सविस्तर सांगते. अंधारी खोली, समोर पांढरा मोठा वाडगा असलेलं मशीन, त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा पट्टीने झाकलेला, हातात बटण. समोरच्या मधल्या उजेडाकडेच बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. आमची आई पहिल्या वेळी आत गेली आणि ठिपका शोधायला मान न हलवता डोळे सगळीकडे फिरवत बसली, आणि मधेच बराच वेळ काही दिसेना म्हणून घाबरून बटण दाबतच सुटली, रिपोर्ट असा आला की डॉक्टर म्हणाले हा धरता येणार नाही, पुन्हा करू. नंतर तिथल्या ताईंनी तिला जे सांगितलं ते प्रत्येकाला आधीच सांगायला पाहिजे: मशीन मुद्दाम ठिपका अंधुक अंधुक करत जातं, तुम्हाला कुठपर्यंत दिसतं ते शोधायला, त्यामुळे चांगल्या डोळ्यालाही जवळजवळ अर्धे ठिपके दिसत नाहीत, दिसलं नाही तर दाबू नका, शांत बसा. पापणी लवली तरी चालतं. थकवा आला तर बटण दाबून धरलं की बहुतेक मशीन थांबतं. रात्री झोप झालेली असू द्या, पोटात काहीतरी असू द्या, म्हाताऱ्या माणसाला दुपारी जेवणानंतर झोप येते तेव्हाची वेळ घेऊ नका. पहिला रिपोर्ट बऱ्याच जणांचा खराबच येतो, दुसऱ्या-तिसऱ्यापासून भरवसा धरतात.

कधी कधी डॉक्टर "सस्पेक्ट" लिहितात. म्हणजे आजार आहे असं नाही, नाही असंही नाही, सहा महिन्यांनी-वर्षाने परत बघायचं. हीच माणसं सगळ्यात जास्त हरवतात, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहा.

थेंब: उपचाराचा खरा भाग घरातच होतो

बहुतेकांना सुरुवात थेंबांनी होते आणि ते आयुष्यभर चालतात. थेंबांनी दिसायला काही फरक पडत नाही, उलट थोडी आग होते, लाल होतं, म्हणून लोक बाटली संपली की बंद करतात. लक्षात ठेवा, थेंब नजर वाढवायला नाहीत, प्रेशर खाली ठेवायला आहेत. बंद केलं की प्रेशर परत चढतं आणि तेही न सांगता.

लॅटानोप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट हे रात्री एकदा टाकायचे. पापणीचे केस लांब होतात, डोळ्याभोवती काळसर होतं, थोडी लाली राहते, घाबरायचं कारण नाही पण सांगा. टिमोलॉल स्वस्त आणि जुनं चांगलं औषध, मात्र दमा असेल किंवा हृदयाचे ठोके कमी असतील तर धोक्याचं, डोळ्यात टाकलेला थेंब नाकावाटे रक्तात जातो आणि दम लागतो. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरला दमा सांगायलाच हवा, "डोळ्याचा आणि दम्याचा काय संबंध" असं समजू नका. ब्रिमोनिडीनने तोंड कोरडं पडतं, झोप येते, तान्ह्या बाळांना ते देत नाहीत. डोर्झोलामाइड, ब्रिंझोलामाइड हेही असतात, तोंडात कडू लागतं. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या तर हातापायाला मुंग्या येतात आणि लघवीला जास्त होतं, मूतखडा किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल तर तेही.

आता टाकायची पद्धत. हात साबणाने धुवा, कपाशीवर फवारणी करून आलेल्या हातांनी तर अजिबात नाही. मान मागे किंवा सरळ खाटेवर आडवं व्हा. खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, बाटलीचं टोक पापणीला न लावता एक थेंब सोडा. एकच, डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही, दुसरा गालावरून वाहतो आणि पैसे वाया. मग डोळा मिटा, उघडझाप करू नका, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून एक-दोन मिनिटं धरा, याने औषध डोळ्यात राहतं आणि अंगात कमी जातं. दुसरं औषध असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. म्हाताऱ्यांचा हात थरथरतो, मूठ गालावर किंवा कपाळावर टेकवून टाकायला शिकवा. फ्रिजमधला थेंब असेल तर गार लागतो, पडला की नाही ते त्यांना कळतं.

आणि आपल्याकडचा खास प्रश्न, उकाडा. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली सहसा २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते, उघडल्यावर २५ डिग्रीच्या खाली. भुसावळला एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात २५ कुठून आणणार? तर फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज नसेल तर डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला सांगून फ्रिजशिवाय चालणारी कंपनी मागा, तशा मिळतात, बाटलीवर लिहिलेलं वाचा. मोटारसायकलच्या डिक्कीत, खिडकीत, शेतातल्या झोपडीत ठेवू नका. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा, बहुतेक थेंब उघडल्यापासून महिनाभरातच वापरायचे असतात.

तपासणीच्या दिवशी "आज डॉक्टर बघणारच आहेत" म्हणून थेंब चुकवू नका. औषध चालू असताना प्रेशर किती राहतं हेच त्यांना बघायचं असतं.

लेसर आणि ऑपरेशन

कोपरा अरुंद असेल तर लेसरने रंगीत पडद्याला बारीक भोक पाडतात, भरती व्हावं लागत नाही, काही मिनिटांचं काम. कोपरा उघडा असेल तर एसएलटी नावाचं लेसर असतं जे जाळीचा निचरा सुधारतं, काही जणांचे थेंब त्याने काही वर्षं टळतात किंवा कमी होतात, तुमच्या जवळच्या मोठ्या शहरात आहे का विचारा.

थेंब आणि लेसर पुरत नाही तेव्हा ऑपरेशन, ट्रॅबेक्युलेक्टमी. वरच्या पापणीखाली द्रव निघायला नवीन वाट करतात. ते जमणार नसेल तर बारीक नळी बसवतात, मदुराईच्या ऑरोलॅबची नळी परदेशी नळीपेक्षा बरीच स्वस्त पडते. ऑपरेशनच्या आधीच घरच्यांना समजावून सांगा की हे नजर वाढवायला नाही, नाहीतर नंतर कुरकूर होते. पुढचे काही आठवडे वाकून वजन उचलणं, धूळ, डोक्यावरून अंघोळ बंद, आणि पहिल्या महिन्यात वारंवार दाखवायला जावं लागतं, म्हणून वेचणीच्या ऐन घाईत तारीख आली तर घरातल्या कामाची सोय आधी करा, तारीख ढकलू नका. पुढे कितीही वर्षांनी तो डोळा लाल झाला, चिकट घाण आली, दुखला, तर त्याच दिवशी दवाखाना.

मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, एरंडेल, यातल्या कशानेच प्रेशर उतरत नाही. उलट डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. चालणं चांगलं, शीर्षासन नको, त्याने प्रेशर चढतं. पाणी उन्हात भरपूर प्याच, पण लिटरभर एका दमात नको, थोडं थोडं.

पैसा आणि येणं-जाणं

खर्च एकदाचा नसतो, दर महिन्याचा असतो, म्हणून लोक थेंब सोडतात. तर लाजू नका, डॉक्टरांना म्हणा "मला महिन्याला एवढंच परवडतं", ते स्वस्तातलं औषध लिहू शकतात. जनऔषधी दुकानात विचारा. सरकारी दवाखान्यात थेंब मिळतात का, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा. एस्टीत ७५ च्या वरच्यांना फुकट आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आहे, बायकांनाही अर्धं, त्यामुळे धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसालाही नंदुरबारला दाखवायला येणं जमण्यासारखं आहे.

घरात एकाला निघाला की सख्खे भाऊ-बहिणी सगळे, आणि मुलं, तपासून घ्या. मामाचं निघाल्यावर आम्ही आईला नेलं, तिला काहीच तक्रार नव्हती, आणि तिचा सुरुवातीलाच सापडला. मामाचा एक डोळा तोपर्यंत गेला होता.

ज्यांची नजर बरीच गेलीय त्यांच्यासाठी: पायऱ्यांच्या कडेला पांढरा चुन्याचा पट्टा ओढा, वाटेतली खाट-बादली एकाच जागी ठेवा, रात्री मोरीकडे जायच्या वाटेवर दिवा ठेवा, गाडी चालवणं बंद. नजर ठराविक मर्यादेखाली असेल तर सिव्हिलला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं, अर्ज करा.

पुढच्या तारखेला जाताना एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्या, ओसीटी आणि फील्डचे तर नक्की, डॉक्टर बदलला तरी तेच लागतात. बीपी, शुगर, दम्याच्या गोळ्यांची पाकिटं न्या. आणि थेंबांची चालू बाटली न्या, नाव चिठ्ठीवर उतरवून नाही, कारण ही नावं एकासारखी एक आहेत आणि उतरवताना चुकतात.